लांजीपलीकडची हृदये

बालाघाट जिल्ह्यात माणसे कशाने मरतात याची बित्तंबातमी असणारा एकच मनुष्य आहे आणि तो डॉक्टर नाही. तो माझा साडभाऊ आहे. माझ्या पत्नीची थोरली बहीण त्यांना दिलेली असल्यामुळे नात्याने ते मला वडील, वयानेही चार वर्षांनी वडील, आणि हट्टाने किती वडील याचे मोजमाप अद्याप कोणी केलेले नाही. त्यांच्याविषयी मी मुद्दाम लिहीत आहे, कारण गावात त्यांच्या ज्या कथा फिरतात त्यांपैकी निम्म्या खोट्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या ज्यांनी सांगितल्या ते त्या वेळी तिथे हजर नव्हते. मी या जिल्ह्याच्या न्यायालयात चाळीस वर्षे वकिली केली. ऐकीव साक्ष कोणती आणि डोळ्यांनी पाहिलेली कोणती, हे मला कळते. पुढे येईल ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी माझ्यासमोर येऊन बोलावे. संध्याकाळी मी घरीच असतो.

साडभाऊ पटवारी होते, आणि निवृत्तीनंतरही ते पटवारीच आहेत. रस्त्याने चालताना ते पावले मोजतात. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवाची लांबी पावलांनी काढली आणि मांडववाल्याने दोन हात कमी घातल्याचे भर वरातीत जाहीर केले. कोणी सहज म्हणावे की अमक्याचे शेत मोठे आहे, तर ते लगेच विचारतात, "तुम्ही चालले का त्याच्यातून?" चाललेला नसेल त्याला शेताविषयी बोलण्याचा अधिकार नाही, हा त्यांचा धर्म. पटवाऱ्याचे खरे काम म्हणजे गिरदावरी. म्हणजे हंगामात शेताशेतांत स्वतः जाऊन कोणते पीक उभे आहे ते पाहायचे आणि वहीत नोंदवायचे. पुष्कळ पटवारी ही वही घरी पंख्याखाली बसून भरतात. साडभाऊंनी ती कधीही घरी भरली नाही. एका तरुण पटवाऱ्याने तसे केल्याचे त्यांना कळले, तेव्हा ते त्याला हाताला धरून भर चिखलात घेऊन गेले आणि त्याने जिथे धान लिहिले होते तिथे उभी असलेली तूर दाखवली. तो तरुण रडला असे लोक सांगतात. रडला नाही, त्याची चप्पल चिखलात रुतली होती म्हणून त्याचा चेहरा तसा झाला होता.

अशा माणसाच्या हाती निवृत्तीनंतरच्या मोकळ्या दिवसांत वर्तमानपत्राचे एक कात्रण पडले. देशातल्या सगळ्या प्रांतांत हृदयरोगाचे प्रमाण सारखे नाही, कुठे जास्त आहे, कुठे कमी आहे, असे त्यात लिहिले होते. तुम्ही आम्ही ते वाचून पान उलटले असते. साडभाऊंनी बाजारातून लठ्ठ्याचे कापड आणले आणि त्यावर आधी देशाचा, मग मध्यप्रदेशाचा आणि शेवटी बालाघाट जिल्ह्याचा असे तीन नकाशे शाईने काढले. वैनगंगा तर इतकी सुरेख काढली की पाहणाऱ्याला तिच्यात हात घालावासा वाटे. मग प्रश्न आला खुणांचा. शाईची खूण पुसता येत नाही आणि पटवाऱ्याला दुरुस्तीची सोय लागते. त्यांनी पत्नीच्या कपाटातून टिकल्यांची पाकिटे काढली. हृदयविकाराने झालेल्या खात्रीच्या मृत्यूला मोठी लाल टिकली, संशयिताला बारीक. आम्ही सगळे जिला बाई म्हणतो त्या माझ्या मेहुणीला हे चार दिवसांनी कळले. ती चहा घेऊन आली, भिंतीकडे पाहिले आणि शांतपणे मला म्हणाली, "पाहा भाऊजी, माह्या टिकल्या मेलेल्या मानसायले लावून राह्यले हे. आता मी कपाळाले काय लावू, सांगा." त्या दिवसापासून ती हळदीकुंकवाच्या कोयरीतले कुंकू बोटाने लावते. नकाशावरच्या जातीची टिकली तिने पुन्हा घरात येऊ दिली नाही.

देशाचा नकाशा त्यांनी बसल्या जागेवरून भरला. त्यांचा एक जुना सहकारी मुलाकडे लुधियान्याला राहतो; भाचीची नणंद केरळात आहे; कोणी कोलकात्याला, कोणी सुरतेला. या सर्वांना ते सणावारी दूरध्वनी करत आणि क्षेमकुशल विचारण्यापूर्वीच विचारत, "तिकडे कोनी गेलं का एवढ्यात?" प्रत्येक प्रांताची कारणे त्यांच्यापाशी तयार होती. पंजाब लोण्याने, बंगाल मिठाईने, गुजरात बसून बसून आणि केरळ फार शिकल्यामुळे. शिक्षणाने हृदय कसे बिघडते असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की शिकलेला माणूस खुर्चीत बसतो आणि खुर्चीत बसलेल्याच्या नळ्यांत रक्त वळत नाही. मी चाळीस वर्षे खुर्चीत बसलो होतो. तो दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

जिल्ह्याच्या नकाशासाठी मात्र त्यांनी पद्धतशीर चौकशी केली. आमच्याकडे तेरवीचे जेवण मोठे असते आणि आमंत्रण नसले तरी ओळखीचा माणूस जातोच. साडभाऊ ओळख नसली तरी जात. पंगतीत बसायचे, वरणभाताची मूद फोडायची आणि शेजाऱ्याला हळूच विचारायचे, "दुखलं कोन्या बाजूले होतं?" ते आधी डावी बाजू विचारत, मग घाम, मग वय, मग जिलेबीची आवड. हळूहळू असे झाले की ते फाटकातून आत येताना दिसले की घरातला एखादा जाणता माणूस पुढे होऊन सांगे, "दादा, किडनी होती." साडभाऊ मान हलवत आणि तरीही जेवून जात. एकदा प्रेत घरात असतानाच त्यांनी ही चौकशी केली, असा एक आरोप त्यांच्यावर आहे. मी त्या दिवशी तिथे होतो. प्रेत उचलून पंधरा मिनिटे झाली होती.

दुसरा आरोप असा, की त्यांनी आपल्या सख्ख्या पुतणीचे इंदूरचे स्थळ मोडले. हेही खोटे. मुलाकडची मंडळी पाहायला आली होती, पोहे झाले होते, पत्रिका जुळली होती. साडभाऊ मुलाच्या वडिलांना म्हणाले, "पोरगा चांगला हाये तुमचा. पन आपके पिताजी कैसे गए?" ते गृहस्थ म्हणाले, "हार्ट से।" "और चाचा?" "वो भी।" साडभाऊंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू साक्षीदाराने भर न्यायालयात कबुली दिली. मग त्यांनी अट घातली की मुलगी देऊ, पण तुमच्या घरात शेव रोज न येता फक्त रविवारी यावी. पाहुणे हसले, त्यांना ती थट्टा वाटली, आणि लग्न झाले. त्या लग्नात मी जेवलो आहे. जावई आजही शेव खातो तेव्हा दाराकडे पाहून खातो.

आता मुद्द्याचे सांगतो. जिल्ह्याचा नकाशा भरत गेला तसे त्यात एक विलक्षण चित्र दिसू लागले. बालाघाट शहर लाल झाले होते. लामत्याच्या बाजूला टिकल्या तुरळक होत्या. आणि लांजीच्या पलीकडे, जिथे धानाची शेते संपून जंगल सुरू होते, तिथे कापड कोरे होते. एकही टिकली नाही, बारीकसुद्धा नाही. साडभाऊंचे मूळ गाव नेमके त्याच कोऱ्या भागात आहे. त्यामुळे त्यांना जो आनंद झाला त्याचे वर्णन करणे कठीण आहे. "लांजीच्या पलीकडचा मानूस हृदयानं मरत नाई," हे वाक्य ते न्यायाधीशाने निकाल वाचावा तसे म्हणत. कारणे दोन: जवसाची चटणी आणि बांधावरचे चालणे. ही चटणी त्यांनी माझ्या घरी बरणी भरून पाठवली आणि मी शहरात जन्मलेला असल्यामुळे तिचा मला उपयोग होणार नाही असेही कळवले. ते स्वतः दिवसातून तीनदा गुडाखू, म्हणजे ती तंबाखूची काळी पेस्ट, दातांना घासत असत. तिचे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "ते दाताचं सामान हाये, वकीलसाहेब. हृदयाचा अन् त्याचा काई संबंध नाई."

येथे मला माझ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागेल. साक्षीदार आला नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे कोणी न्यायालयात म्हटले असते तर मी त्याला दुसरे वाक्य बोलू दिले नसते. साडभाऊंच्या ओसरीवर मात्र हेच वाक्य मी वर्षभर चहाबरोबर ऐकत होतो आणि वाद घालत होतो तो जवसावर.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या लक्षात आले की रेल्वेचा पूल चढताना साडभाऊ मध्येच थांबतात. थांबत आणि रुळांकडे बोट दाखवून काहीतरी माहिती सांगत. मग कळले की चढ लागला की त्यांचा जबडा दुखतो. मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, दाढ आहे. मी म्हणालो, दाढ पुलावरच कशी दुखते. ते म्हणाले, हवा लागते. बाईने रडून पाहिले. मी कायद्याच्या भाषेत सांगून पाहिले, साध्या भाषेत सांगून पाहिले, एकदा तर ओरडलो. ते भिंतीवरच्या कोऱ्या कापडाकडे बोट दाखवत आणि म्हणत, "माह्या गावात एक टिकली नाई. मलेच काहून होईन?" शेवटी त्यांनी दंतवैद्याकडे दाढ काढण्यासाठी पुढचा सोमवार ठरवला आणि माझ्याशी या विषयावर बोलणे बंद केले. मी घरी येऊन पत्नीला म्हणालो की हा मनुष्य त्या नकाशापायी जाणार. पत्नीने लगेच बाईला दूरध्वनी लावला. तिला बहिणीची काळजी होती.

त्याच आठवड्यात त्यांच्या गावाहून निरोप आला की त्यांचा धाकटा चुलतभाऊ गेला त्याची तेरवी शुक्रवारी आहे. आम्ही दोघे लांजीपर्यंत एका बसने आणि पुढे दुसऱ्या बसने गेलो. थंडी चांगली पडली होती. अंगणात पंगत बसली. चुलतभावाची लेक, लग्न झालेली, पंचविशीची मुलगी, भात वाढत होती. साडभाऊंनी या गावात कधी चौकशी केली नव्हती; आपल्याच गावात कशाला करायची. त्या दिवशीही त्यांनी विचारले ते केवळ दुःखाने.

"काय झालतं वो बाई तुह्या बाले?"

"वारं लागलं म्हने, मोठे बाबा."

"कोन म्हने?"

"गावच म्हने. इथं डाक्टर कुठं हाये म्हनाले?"

"पन दुखे काय त्याचं?"

मुलीने भाताचे पातेले खाली ठेवले. "तीनचार महिने झाले होते. बांधावर चढले का उभे राहत. जबडा दुखते म्हनत. मी म्हनलं दाढ किडली असन. तं लांजीले जाऊन दाढ काढून आले. तरी दुखेच. मंग त्या दिवशी पहाटे एवढ्या थंडीत घामानं बनियान भिजलं. आईनं कांदा हुंगवला, पायाले तेल चोयलं. दिवस निघाला तं गेलतेच."

साडभाऊंनी पाण्याचा घोट घेतला. "अन् शेजारचा तो रामाचा बाप गेला मागच्या साली, तो?"

"त्यायले बी वारंच लागलं होतं," मुलगी म्हणाली. "इथं सगळ्यायलेच वारं लागते, मोठे बाबा."

यानंतर ते भरल्या पानावरून उठले, असे त्यांचा पुतण्या सांगत फिरतो. पुतण्या त्या दिवशी रायपूरला होता. साडभाऊंनी पान पूर्ण संपवले, हात धुतला आणि मला खुणेने बरोबर घेतले. मग ते त्या गावात घरोघर गेले. पाच घरे झाली, सहा झाली. प्रत्येक दारात एकच प्रश्न, तुमच्याकडचा गेला तेव्हा काय दुखत होते. आणि उत्तरे, कुठे वारे, कुठे गॅस, कुठे कोणाची नजर, पण मागोमाग छाती, जबडा, घाम. सातव्या घराच्या पायरीवर ते बसले. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. मला वाटले इथेच काही होते की काय. दोन बसगाड्या आणि एक मोठे गाव यांच्या पलीकडे कुठेतरी डॉक्टर होता. त्या क्षणी मला तो कोरा भाग काय आहे ते पहिल्यांदा कळले; त्याच्या मध्यभागी मी उभा होतो.

मग ते म्हणाले, "वकीलसाहेब, मी घरी बसून गिरदावरी केली."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. मला वाटते, इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेले तेवढेच एक योग्य उत्तर.

"इथं पीक उभं होतं, अन् मी पडीत लिहिलं," ते म्हणाले. मग उठता उठता, "त्या दातवाल्याले सांगा, सोमवारी येत नाई. पुतन्याले म्हना गाडी काढ, नागपूरले जाऊ."

पुतण्या रात्रीच रायपूरहून परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुतण्या म्हणतो त्याने त्यांना जबरदस्तीने गाडीत घातले. बाई म्हणते तिने गणपतीला घातलेले साकडे फळाला आले. माझी पत्नी सर्वांना सांगते की माझ्या समजावण्याचा उपयोग झाला. तिघेही चूक आहेत. मी कित्येक आठवडे समजावले आणि त्याचा शून्य उपयोग झाला. तो मनुष्य स्वतःच्या पायांनी गाडीत बसला, कारण त्याला स्वतःच्या नोंदीतली चूक सापडली होती आणि चुकीची नोंद तशीच ठेवून मरणे त्याला मान्य नव्हते. नागपूरच्या इस्पितळात निघाले ते असे, की एक नळी जवळजवळ बंद आणि दुसरी अर्धी. दोन जाळ्या बसवल्या. तरुण डॉक्टरांनी विचारले, आजोबा, इतके दिवस काय करत होतात. साडभाऊ पडल्या पडल्या म्हणाले, "साहेब, आमच्या भागात हा रोग नोंदलेला नव्हता." डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की तुमच्या बाजूची माणसे माझ्याकडे फार उशिरा येतात, किंवा येतच नाहीत. त्यावर दोघे अर्धा तास बोलत होते. परिचारिकेने मला बाहेर काढले. मी आवाज वाढवत होतो असे तिचे म्हणणे. मी फक्त एक मुद्दा मांडत होतो.

घरी परतल्यावर साडभाऊंनी नकाशातली एकही टिकली हलवली नाही. लांजीपलीकडच्या कोऱ्या भागात मात्र शिसपेन्सिलने बारीक अक्षरात लिहिले, "पाहणी बाकी". आणि उन्हाळा उलटल्यावर, डॉक्टरांनी चालायची मोकळीक दिली तशी, पाहणी सुरू केली. दर मंगळवारी सकाळच्या बसने ते लांजीला जातात. तिथे एक निवृत्त नर्सबाई त्यांना मिळाल्या आहेत. रक्तदाबाचे यंत्र नर्सबाईंकडे, वही साडभाऊंकडे, आणि छत्री धरायला मी. मी का जातो असे काही लोक विचारतात. कोणीतरी जबाबदार माणूस बरोबर हवा. गावात शिरले की घर पहिले ते शेवटचे, एकही सोडायचे नाही, हा नियम. आता ते मेलेल्यांविषयी विचारत नाहीत. जिवंत माणसाला उभे करून विचारतात, "बांधावर चढताना थांबता का?" आणि जो हो म्हणेल त्याचे नाव लिहून त्याला गोंदियाला पाठवतात, कधी एसटीत स्वतः बसवून. पहिल्यांदा लोक त्यांना विमा एजंट समजले. मागच्या महिन्यात एक मध्यमवयाची बाई अशीच धाडली होती. ती गोळ्यांची पिशवी घेऊन परत आली आणि साडभाऊंच्या मांडीवर एक भला मोठा कोहळा ठेवून गेली. तो बसमधून आणताना माझे जे हाल झाले ते वेगळेच. गुडाखू त्यांनी सोडली आहे. ही एक गोष्ट मी शपथेवर सांगू शकत नाही.

कामाचा पसारा पाहता हे संपणारे नाही, आणि हे आम्हा दोघांनाही कळते. त्या बाजूला गावे पुष्कळ, नर्सबाई एक, आणि साडभाऊंचे वय थांबलेले नाही. पण जी घरे झाली ती झाली. वहीत आता पानेच्या पाने नावांनी भरलेली आहेत आणि ती नावे चालती-बोलती आहेत, हे पाहून मला न्यायालयातल्या कोणत्याही जिंकलेल्या प्रकरणात झाला नाही असा आनंद होतो. हे मी त्यांना सांगितलेले नाही. सांगितले असते तर त्यांनी त्यातही चूक काढली असती.

परवाच्या मंगळवारी नर्सबाई पुढे निघून गेल्या होत्या. आम्ही दोघे एका टोल्याकडे, म्हणजे गावाबाहेरच्या लहान वस्तीकडे, बांधावरून चाललो होतो. दोन्ही बाजूंना धान कमरेएवढे उभे होते. थोडा चढ लागला आणि साडभाऊ थांबले. त्यांनी हात कमरेवर ठेवला आणि शेताकडे बघत राहिले. श्वास लागला होता, तो ऐकू येत होता. त्यांचा, आणि खरे सांगायचे तर माझाही.

"यंदा दाना चांगला भरला," ते म्हणाले.

दाणा अजून दुधात होता. तो भरेल की पोचट निघेल हे त्या दिवशी कोणालाही सांगता आले नसते, आणि जन्मभर गिरदावरी केलेल्या पटवाऱ्याला तर हे माझ्याहून चांगले ठाऊक होते. मी "हौ" म्हणालो. त्यांचे मी न खोडलेले ते पहिलेच विधान असावे. आम्ही आणखी थोडा वेळ धान पाहत उभे राहिलो. टोल्यावरची तीन घरे अजून व्हायची होती. मग ते निघाले तसा मीही, त्यांच्या मागे एक पाऊल ठेवून, सावकाश.